वहीच्या शेवटच्या पानावरचे ऑफ

माझी भाची बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. गेल्या महिन्यात ती दोन दिवस मिरजेला आमच्याकडे राहायला आली, ती हातात प्रश्नावली घेऊनच. कॉलेजात तिच्या गटाला ‘महामारीच्या काळातील आरोग्य कर्मचाऱ्यांचा बर्नआउट’ हा विषय मिळाला होता, आणि कोविडच्या दोन्ही लाटांत वॉर्डाची इनचार्ज असलेली आत्या घरातच सापडल्याने तिचे निम्मे काम झाल्यासारखे होते. प्रश्नावलीत २२ विधाने होती आणि प्रत्येकापुढे ० ते ६ असे आकडे; ‘कधीच नाही’ला शून्य, ‘रोज’ला सहा. चहा निवेपर्यंत मी ती भरून दिली. भाचीने तीन वेगवेगळ्या बेरजा केल्या, माझ्याकडे जरा काळजीने पाहिले आणि म्हणाली, “आत्या, तू अजूनही वरच्याच गटात आहेस गं.” मला त्याचे फारसे वाटले नाही. खटकले ते वेगळेच. त्या २२ विधानांत कामानंतर कसे वाटते, रुग्णांविषयी काय वाटते, स्वतःविषयी काय वाटते, हे सगळे विचारलेले होते; तुम्हाला शेवटचा ऑफ, म्हणजे ड्युटीतून हक्काची सुट्टी, कधी मिळाला, हे कुठेही विचारलेले नव्हते.

भाचीच्या टिपणांवरून कळले ते असे. बर्नआउट हा शब्द या अर्थाने १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने वापरला, आणि ही मापनपट्टी क्रिस्टिना मास्लाक व सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये मांडली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये, म्हणजे कोविडच्या अगदी तोंडावर, आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची व्याख्या दिली, तीही आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन ताणाचे नीट व्यवस्थापन न झाल्याने उद्भवणारी स्थिती म्हणून. शक्ती संपणे, कामापासून मन दूर जाणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे, ही तिची तीन अंगे. मास्लाक यांनीही पुढे मायकेल लायटर यांच्याबरोबर हेच मांडले की, माणसाच्या स्वभावात दोष शोधण्याआधी कामाचा बोजा, त्यावरचा ताबा, मोबदला आणि न्याय यांकडे पाहावे. हे वाचून मला बरे वाटले, कारण व्याख्येत ‘व्यवस्थापन’ हा शब्द आहे आणि आमच्या वॉर्डातले व्यवस्थापन म्हणजे मीच होते. सिस्टरांच्या ड्युट्या मी लावत होते.

या शब्दाला मराठीत प्रतिशब्द नाही, असे भाचीचे म्हणणे. माझ्या मते तो स्वयंपाकघरात आहे. भात तळाला लागतो तेव्हा वरचा थर पांढराशुभ्रच असतो, आधी येतो तो वास. आमच्या वॉर्डात तो वास बराच आधी येत होता.

त्या रात्री मी कपाटातून ड्युटीचे रजिस्टर काढले. निवृत्त होताना चार्ज द्यायचा म्हणून डेड स्टॉकचे रजिस्टर, औषधांचे रजिस्टर, चादरींचा आणि थर्मामीटरचा हिशेब असे सगळे सह्या करून सुपूर्द करावे लागले, पण भरून संपलेली ड्युटीची रजिस्टरे कोणी मागितली नाहीत. त्यांतले २०२० आणि २०२१ चे रजिस्टर मी घरी आणले. लाल कापडी पाठीचे लांबट रजिस्टर आहे. डावीकडे नावे, वर तारखा, चौकटींत निळ्या पेनाने मॉर्निंगचा एम आणि इव्हिनिंगचा ई, लाल पेनाने नाईटचा एन, आणि अधूनमधून डे ऑफ व नाईट ऑफ. महिना आधी पेन्सिलने लावायचा आणि ड्युटी प्रत्यक्ष झाली की पेनने गिरवायचे, ही माझी पहिल्यापासूनची सवय. शेवटच्या पानावर ‘पेंडिंग ऑफ’. माणूस कमी पडला म्हणून ज्या सिस्टरचा ऑफ रद्द करावा लागतो, तिच्या नावापुढे तो दिवस मांडून ठेवायचा आणि पुढे सवडीने द्यायचा. वाण्याच्या उधारीच्या वहीसारखेच हे पान, फक्त इथे उधारी आमच्याकडे असते. साध्या दिवसांत या पानावर एकेका नावापुढे दोन-तीन आकडे असत आणि दिवाळीनंतर ते फिटत. २०२१ च्या रजिस्टरात हे पान पुरले नाही म्हणून मी पाठीच्या पुठ्ठ्याला आतून कागद चिकटवला आहे.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष असा आहे की, अध्यापन रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात दर ३ रुग्णांमागे १ परिचारिका असावी, इतर रुग्णालयांत दर ५ रुग्णांमागे १, अतिदक्षता विभागात प्रत्येक खाटेला १, आणि या संख्येवर ३० टक्के माणसे रजा-आजारपणासाठी राखीव असावीत. माझा वॉर्ड ३० खाटांचा. कोविडसाठी घेतला तेव्हा पटावर १७ सिस्टर व ब्रदर होते, त्यांतले सहा तीन-तीन महिन्यांच्या ऑर्डरीवर आलेले कंत्राटी. एप्रिल २०२१ मधला कोणताही दिवस उघडला तर हिशेब साधारण असा दिसतो: एक गरोदर आणि एक मधुमेहाची म्हणून दोघी कोविड ड्युटीतून वगळलेल्या, तिघी स्वतः पॉझिटिव्ह, दोघी नाईट ऑफवर, आणि कुणाचा तरी डे ऑफ द्यायलाच हवा म्हणून दोघी त्यात. उरल्या आठ. पीपीई किट घालून सहा तासांपेक्षा जास्त उभे राहता येत नाही म्हणून दिवसाच्या तीनऐवजी चार पाळ्या केलेल्या. आठ भागिले चार, म्हणजे एका पाळीला दोघी, आणि समोर ऑक्सिजनवरचे ३० रुग्ण. त्यात एकीच्या घरून फोन आला की आईला ताप आहे, तर मी पेन्सिल उचलायची आणि दोन्ही डे ऑफ खोडायचे. मनोबल, सेवाभाव, समर्पण हे शब्द त्या काळात फार वापरले गेले. या भागाकारात ते कुठे घालायचे, हे मला आजतागायत समजलेले नाही.

सुरुवातीचे दिवस तसे नव्हते, हे मान्य केले पाहिजे. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता लोकांनी थाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात जिल्ह्यातले पहिले चार रुग्ण सापडल्याचे कळले. भीती होती, पण त्या भीतीत एक जोमही होता. मिरज हे पिढ्यानपिढ्या दवाखान्यांचे गाव आहे, डॉ. वानलेस यांनी इथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुग्णालय सुरू केले तेव्हापासून अथणी, चिक्कोडी, विजापूरकडची माणसेही उपचारांसाठी मिरजेची गाडी पकडतात. रोगाला घाबरून चालणार नाही, हे इथल्या सिस्टरांच्या अंगात मुरलेले आहे. योगायोग असा की २०२० हे वर्ष फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माच्या द्विशताब्दीनिमित्त जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका आणि प्रसविकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून आधीच जाहीर केलेले होते. १२ मेला, म्हणजे परिचारिका दिनी, आम्ही किटमध्येच मेणबत्त्या न लावता शपथ घेतली, कारण आत ऑक्सिजन होता.

किटविषयी इतके लिहिले गेले आहे की मी थोडक्यातच सांगते. ड्युटीच्या दोन तास आधीपासून पाणी प्यायचे नाही, कारण एकदा आत गेल्यावर बाहेर येणे म्हणजे एक किट वाया. नाकावर मायक्रोपोरची पट्टी, तिच्यावर एन-९५, त्यावर गॉगल, तो दहाव्या मिनिटाला आतून धुकटतो. सगळ्याजणी सारख्याच दिसतात म्हणून पाठीवर मार्करने नाव. सहा तासांनी बाहेर येऊन हातमोजे काढले की बोटे धुणे धुतल्यासारखी सुरकुतलेली असत आणि मोज्याच्या बोटांतून घामाचे पाणी अक्षरशः ओतले जाई. हे सगळे आम्ही केले आणि पहिल्या लाटेत त्याचा अभिमानही बाळगला. घरमालकाने खोली सोडायला सांगितली म्हणून आमच्या दोघी सिस्टर महिनाभर ट्रेनिंग हॉलमध्ये गाद्या टाकून राहिल्या, तेव्हाही त्यांच्यात थट्टामस्करी चालू होती. शरीर दमते आणि झोपले की भरून निघते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रुग्ण कमी झाले तेव्हा मी पेंडिंगच्या पानावरचे निम्मे ऑफ फेडलेही होते. म्हणूनच मी म्हणते की पहिल्या लाटेने आम्हाला दमवले, पण तळाला लागायला लागले ते दुसऱ्या लाटेत.

ते मला कशावरून कळले, हे सांगते. आमच्यात एक जतकडची सिस्टर होती, कंत्राटी, वय २६, मुलगा चार वर्षांचा आणि तो तिच्या सासूजवळ गावी. ही मुलगी ड्युटीवरून माझ्याशी भांडत असे. “मॅडम, सलग दोन आठवडे नाईट मलाच कशी?” असे रजिस्टरावर बोट ठेवून विचारायची, आणि तिचे बरोबर असेल तर मी बदलतही असे. २०२१ च्या एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मी तिचा गावी जायचा ऑफ तिसऱ्यांदा खोडला. मुलाला भेटायला जाण्यासाठी तिने तो मागून घेतलेला होता, पिशवीही भरून आणलेली होती. मी तिला बोलावून सांगितले तेव्हा ती “बरं मॅडम” म्हणाली, पिशवी कपाटावर ठेवली आणि किट घालायला गेली. त्या “बरं”मध्ये राग नव्हता, नाराजीही नव्हती. २८ वर्षांच्या नोकरीत मी भांडणाऱ्या सिस्टरांना कधी घाबरले नाही. त्या दिवशी मात्र मला भीती वाटली. पुढच्या पंधरा दिवसांत वॉर्डात ड्युटीवरून एकही भांडण झाले नाही. वरिष्ठांनी राउंडला आल्यावर वॉर्डातल्या शिस्तीचे कौतुक केले.

दुसरी खूण हँडओव्हरमधली. आमच्याकडे रुग्णाला खाटेच्या नंबराने ओळखणे नवीन नाही, पण बोलताना ‘सात नंबरचे आजोबा’, ‘बारा नंबरच्या काकू’ असे म्हणतात. मेच्या सुरुवातीपर्यंत आजोबा आणि काकू गळून पडले होते. “सात गेला, अकरा बायपॅपवर, बारा बहुतेक रात्री.” एवढेच. बायपॅप म्हणजे श्वासाला मदत करणारे यंत्र. ‘मन दूर जाणे’ हे जे वर्गीकरणात लिहिले आहे ते मी असे ऐकले, आणि मी स्वतः त्याला अपवाद नव्हते. एका रात्री पहाटे तीनच्या सुमारास मी एका मुलाला फोन करून त्याचे वडील गेल्याचे सांगितले, पुढे काय करायचे ते समजावले, त्याचे रडणे ऐकून घेतले आणि फोन ठेवून उघडा असलेला बिस्किटाचा पुडा संपवला. चव लागत होती, हे मला अजून आठवते.

तिसऱ्या अंगाचा दाखला देताना हात जरा अडखळतो, पण तो दिल्याशिवाय बाकीचे खोटे ठरेल. एका सकाळी मी रात्रीचे चार्ट पाहत होते. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण, दर दोन तासांनी मोजून लिहायचे असते. एका सिस्टरने सहा रुग्णांपुढे सगळ्या वेळांना ९४ लिहिलेले होते. ९४ हा असा आकडा आहे की तो पाहून कोणी डॉक्टरांना हाक मारत नाही. मी त्या सहाही जणांच्या बोटांना ऑक्सिमीटर लावून पाहिले. चौघांचे ठीक होते, एकाचे ८८ आणि एकाचे ८५. दोघांचाही ऑक्सिजन वाढवला आणि दोघेही पुढे घरी गेले, हे नशीब. त्या सिस्टरला मेमो देणे हे माझे काम होते. मी तिला खोलीत बसवले, तर तिने मी विचारायच्या आतच सांगितले की रात्री दोनपर्यंत तिने मोजले होते, नंतर तिला आकडे दिसायचे पण डोक्यात शिरायचे नाहीत, म्हणून हात जे लिहील ते तिने लिहू दिले. ती त्या महिन्यातली तिची सतरावी नाईट होती आणि तो एन मीच लाल पेनाने लिहिलेला होता. मेमो दिला असता तर त्यावर सही कोणाची हवी होती, असा प्रश्न मला पडला आणि मी तो दिला नाही. माझे चुकले असे कोणी म्हणेल तर मी वाद घालणार नाही.

त्याच सुमारास, २१ एप्रिलला, नाशिकमध्ये टाकीतून ऑक्सिजनची गळती होऊन २० हून अधिक रुग्ण दगावले आणि दोनच दिवसांनी विरारमध्ये अतिदक्षता विभागाला आग लागली. या बातम्या लोकांनी वाचल्या आणि हळहळले. आम्ही त्या ड्युटीत बसवल्या. कोणी न सांगता नाईटच्या सिस्टर आलटून पालटून मॅनिफोल्ड रूमपर्यंत, म्हणजे ऑक्सिजनचे सिलिंडर जोडलेल्या खोलीपर्यंत, जाऊन सिलिंडरचा काटा पाहून येऊ लागल्या. नंदुरबार जिल्ह्यात ‘ऑक्सिजन नर्स’ ही पद्धत राबवली गेली होती, म्हणजे रुग्ण जेवताना किंवा संडासला गेल्यावर चालू राहिलेला फ्लो बंद करणे, गरजेपेक्षा जास्त असेल तर कमी करणे, एवढ्यासाठी वेगळी परिचारिका. पद्धत उत्तम, ऑक्सिजन खरोखर वाचतो. आमच्याकडेही तशी सूचना आली. फक्त ‘वेगळी’ हा शब्द वाटेत कुठेतरी पडला आणि त्या दोघींपैकीच एक ऑक्सिजन नर्स झाली. पुढे नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील कोविड अतिदक्षता विभागात आग लागून ११ रुग्ण गेले, त्यानंतर अटक झालेल्यांत परिचारिकाही होत्या. त्या प्रकरणातले खरे-खोटे ठरवणारी मी कोण. पण त्या आठवड्यात आमच्या तीन सिस्टरांनी अतिदक्षता विभागाची ड्युटी नको म्हणून अर्ज दिले.

वॉर्डात घरचा डबा द्यायला परवानगी होती. गेटवर नाव आणि खाट लिहून डबा ठेवायचा, वॉर्डबॉय मामा तो आत आणून द्यायचे. आत आलेला डबा परत बाहेर न्यायला नातेवाईक तयार नसत, आणि रुग्ण गेला की तर कोणी विचारतही नसे. आमच्या वॉर्डातल्या मावशींनी ते सगळे हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे जंतुनाशक द्रावणात, बुडवून, धुऊन, स्टोअरच्या कपाटात एकात एक रचून ठेवले होते. जूनअखेरीस कपाट उघडले तर ५३ डबे. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत असल्याने जवळपास प्रत्येकावर काही ना काही कोरलेले होते: कुणाच्या लग्नाची तारीख, कुणाच्या मामाचे नाव, ‘वास्तुशांतीनिमित्त’, एका महिला बचत गटाचे नाव. हायपोक्लोराइटने स्टीलला बारीक खड्डे पडतात, त्यामुळे बुडे डागाळली होती, अक्षरे मात्र स्पष्ट. मावशी म्हणाल्या, “मॅडम, भंगारात घालू नका, कोणतरी न्यायला येईल.” दोघे आले. बाकीच्या डब्यांची नावे मावशी दुपारी रिकाम्या वेळात वाचत बसत आणि यातल्या कोण घरी गेल्या आणि कोण नाही, हे मला सांगत. सगळ्यांचे लक्षात होते त्यांच्या. मावशींना ना समुपदेशन मिळाले, ना भाचीच्या प्रश्नावलीसारखी कसली प्रश्नावली. सफाई कर्मचारी बहुधा ‘आरोग्य कर्मचारी’ या शब्दात बसत नसावेत.

समुपदेशन आम्हाला मिळाले. जुलै २०२१ च्या सुरुवातीला ताणमुक्तीवर ऑनलाइन व्याख्यान झाले, दुपारी तीन वाजता, हजेरी सक्तीची. म्हणजे नाईट करून झोपलेल्या सिस्टरांनी उठून मोबाइलसमोर बसायचे. वक्त्या फार चांगल्या बोलल्या, यात शंका नाही. दीर्घ श्वास घ्या, दिवसातली तीस मिनिटे स्वतःसाठी ठेवा, आवडता छंद जोपासा, असे त्यांनी सांगितले. शेवटी प्रश्न विचारायला सांगितले तेव्हा आमच्या एका ब्रदरने अत्यंत नम्रपणे विचारले, “मॅडम, दीर्घ श्वास एन-९५ मधून घ्यायचा की ड्युटी संपल्यावर?” त्याच्यावर नंतर बोलणी बसली. सत्कारांचेही तसेच. ‘कोविड योद्धा’ असे छापलेले सन्मानपत्र, शाल, श्रीफळ आणि एक रोप घेण्यासाठी आम्ही नाईटनंतर दोन-दोन तास मंडपात बसलो आहोत. देणाऱ्यांच्या मनात कृतज्ञता होती आणि ती मी हलकी लेखत नाही. माझ्याकडे त्यातली तुळस आजही आहे. पण सात सन्मानपत्रे मिळालेल्या सिस्टरच्या नावापुढे पेंडिंगच्या पानावर तेव्हा ३१ चा आकडा होता. युद्ध म्हटले की योद्ध्याला सुट्टी मागता येत नाही, हा त्या शब्दातला धोका माझ्या फार उशिरा लक्षात आला.

गावपातळीवर आशाताईंची अवस्था याहून बिकट होती, कारण त्यांच्याकडे ऑफ मांडायला रजिस्टरही नव्हते. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत सप्टेंबर २०२० पासून घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजण्यात त्याच पुढे होत्या, तेही कामागणिक मोबदल्यावर आणि कोविडचे म्हणून केंद्राने दिलेल्या महिना १,००० रुपयांवर. जून २०२१ मध्ये राज्यभरातल्या आशांनी संप केला तेव्हा कुठे मानधनात १,००० रुपयांची वाढ आणि कोविड भत्त्याचे ५०० रुपये मान्य झाले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. त्याच संघटनेच्या अंदाजाने जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात सुमारे १ लाख १५ हजार आरोग्य कर्मचारी कोविडने गेले असावेत.

सांगलीकरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली, जी बाहेरच्या कुठल्याही प्रश्नावलीत येणार नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुराची घरे अजून ओली होती तेव्हा कोविड आला. दुसरी लाट राज्यात बाकीकडे ओसरली तरी सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ती जुलैपर्यंत रेंगाळली, आणि जरा कुठे श्वास घ्यावा म्हणेपर्यंत २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. साताऱ्याच्या पाटण तालुक्यात दरडी कोसळून गावे गाडली गेली आणि कृष्णेने सांगलीत आयर्विन पुलाजवळ ५० फुटांची पातळी ओलांडली. पावसाळ्यात सांगलीत माणसे एकमेकांना नमस्काराऐवजी “आयर्विनला किती?” असे विचारतात, ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असते. त्या आठवड्यात भिलवडीची एक सिस्टर घरात पाणी शिरलेले असताना पाच दिवस रुग्णालयातच राहिली, कारण तिला घरी जाता येत नव्हते आणि जतकडच्या सिस्टरला, पुराशी काही संबंध नसताना, तिच्याबरोबर राहावे लागले, कारण बाकीच्यांना रुग्णालयात येता येत नव्हते. पाणी ओसरल्यावर गावोगावच्या आरोग्य सेविका लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या, भीतीने डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटत चिखलातून फिरल्या, आणि त्यांच्याच पिशवीत लसीकरणाच्या याद्याही होत्या. नदीला खुणेचा दगड आहे, म्हणून निदान तिची पातळी कळते. आमचीही पातळी रजिस्टरच्या शेवटच्या पानावर रोज मांडलेली होती. मी ती दर महिन्याला वर कळवत होते, आणि कळवून झाले की आपले काम झाले असे समजत होते. हे ‘समजणे’ माझ्याकडून झाले, त्याचा दोष दुसऱ्या कोणावर टाकता येणार नाही.

रुग्ण कमी झाले तशा कंत्राटी ऑर्डरी वाढवून आल्या नाहीत. सहाही जण एकाच दिवशी कमी झाले. कायम नोकरीतल्यांचे पेंडिंग ऑफ पुढच्या दीड वर्षात मी थोडे थोडे करून फेडले. कंत्राटींचे फेडण्याचा प्रश्नच राहिला नाही, कारण नोकरी संपली की ऑफ संपतो आणि त्याचे पैसे होत नाहीत. नियमाने ते बरोबरच असेल. त्यांतल्या दोघींनी नर्सिंग सोडले. जतकडची सिस्टर आता गावी मुलाजवळ राहते, सकाळी अंगणवाडीच्या मागे असलेल्या एका औषधाच्या दुकानात बसते आणि नर्सिंगच्या भरतीची जाहिरात निघाली तरी अर्ज करत नाही. मी दोनदा विचारून पाहिले.

हे लिहायला घेण्याआधी तिला फोन केला. तुझ्याविषयी लिहिले तर चालेल का, नाव घालणार नाही, असे विचारले. ती म्हणाली, “लिहा की मॅडम.” मग जरा थांबून तिने विचारले, “ते रजिस्टर आहे अजून तुमच्याकडे?” मी आहे म्हणाले आणि शेवटचे पान उघडायला लागले, तोवर पलीकडून तिनेच आकडा सांगितला. “एकेचाळीस होते माझे.” माझ्या पानावर ३९ होते. मी तसे सांगितले. ती म्हणाली, नाही, एकेचाळीस. मग आम्ही दोघी फोनवर तारखा लावत बसलो. मार्चचे सहा जुळले, एप्रिलचे अकरा, मेचे बारा, जूनचे सात. जुलैच्या तीन तारखा माझ्याकडे होत्या, तिच्याकडे पाच. ते दोन दिवस पुराच्या आठवड्यातले होते, त्या गडबडीत मी मांडायचे राहून गेले होते. भाची शेजारी बसून ऐकत होती. मी तिच्याकडून पेन मागून घेतले आणि त्या दोन तारखा पानावर लिहिल्या.